रात्री नऊच्या गोळ्या

आई धुण्याच्या दगडापाशी उभी होती आणि आप्पांचा कालचा सदरा तिनं नाकाशी धरला होता. आधी कॉलर, मग खिशाची बाजू, मग दोन्ही बाह्या. सदरा मळलाय हे धुणाऱ्या बाईला हुंगून बघावं लागत नाही. मी मागच्या दारात दात घासत उभी होते. तिनं मला पाहिलं, सदरा बादलीत कोंबला आणि घामाचा वास हल्ली जातच नाही, असं काहीतरी पुटपुटली.

मी चूळ भरली आणि आत गेले. ती काय शोधतेय ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. पण आमच्या घरात अशा गोष्टी बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

याला आता बारा वर्षं झाली. आमचं गाव शिरोळजवळ, कृष्णेच्या काठचं. घर जैनांचं, शेती उसाची. माझे वडील नेमगोंडा मगदूम, आमचे आप्पा, पाणी गाळून पिणारे आणि शब्द मोजून वापरणारे. वक्तशीर तर इतके, की गावात कुणाचं घड्याळ बंद पडलं तर आप्पा मळ्याकडं निघालेले बघून ते लावून घेत. सुपारीचं खांडसुद्धा त्यांनी कधी तोंडात टाकलं नाही. अशा माणसाचा सदरा त्यांची बायको हुंगत होती.

तिचंही काही चुकत नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. आप्पांचे थोरले भाऊ, आमचे अण्णाकाका, लिव्हरच्या दुखण्यानं गेले. गुऱ्हाळावर बसून ते पंधरा वर्षं गुपचूप पीत होते आणि काकूला पत्ता नव्हता. वरून तोंडात सतत वेलदोडा, देवळात सगळ्यांच्या पुढं. शेवटी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले तेव्हा गावाला कळलं. काकू खचली, म्हणून त्यांचं हगणंमुतणं आईनं काढलं. तेव्हापासून लिव्हर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

तो मी उच्चारला. आप्पांना बरीच वर्षं पित्ताचा त्रास होता. छातीत जळजळ, करपट ढेकर, त्यावर उपाय म्हणून दाढेखाली लवंग. मी तेव्हा फार्मसीचा डिप्लोमा करून जयसिंगपूरला डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसत होते. अंगावर पांढरा कोट चढल्यापासून घरच्यांना शहाणं करायची मला फार हौस. मीच आप्पांच्या मागं लागून मिरजेला सोनोग्राफी करून घेतली आणि संध्याकाळी चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचून दाखवली. लिव्हरवर चरबी साठलीय, म्हटलं, दुसऱ्या पायरीची.

आईचा हात भाकरीवर थांबला. "थोरल्या भावजींना झालं हुतं, त्येच का गं ह्ये?"

मी म्हटलं, तेच नव्हे, आणि दारू न पिणाऱ्यांनाही हे होतं. खरं तेच सांगितलं, पण ज्या घरात कुणी दारूचं नावही काढलं नव्हतं तिथं ते मी काढून बसले. आप्पा हात धूत होते. त्यांनी टॉवेलनं एकेक बोट पुसलं आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई सदरा हुंगताना दिसली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर मुजावरांनी आप्पांना पुन्हा मिरजेला धाडलं, दुर्बीण घालून पोट बघायला. पोटाला आतून सूज होती आणि त्यात एक जंतू सापडला. डॉक्टरांनी आप्पांना आणि आईला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. हा जंतू बहुतेकांच्या पोटात लहानपणीच शिरतो, घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडं जातो आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. पित्ताचं मूळ तोच. औषध चौदा दिवस घेतलं की जातो. आणि मग माझ्याकडं वळून हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, ते म्हणाले की हा जंतू असलेल्या माणसांत लिव्हरची चरबीही जास्त सापडते, असं अलीकडं कुठं कुठं दिसलंय. कुठं कुठं मात्र तसं काहीच दिसलेलं नाही.

मी त्यातलं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं खिडकीतच सोडून दिलं. घरी आल्यावर आईला म्हटलं, बघ, जंतूमुळं झालंय सगळं, लिव्हरचंसुद्धा. आईनं विचारलं, डॉक्टर असं म्हणाले का? म्हटलं, असू शकतं म्हणाले.

"असू शकतं," आई म्हणाली. "म्हंजे नसूबी शकतं."

चौथी शिकलेली बाई. तिच्यापुढं माझा डिप्लोमा तोकडा पडला.

गोळ्या मात्र मीच दिल्या होत्या, आणि कशा दिल्या ते सांगायला हवं. एका दिवसाची एक पट्टी, तिच्यात सहा गोळ्या. तीन सकाळी, तीन रात्री. अशा चौदा पट्ट्या. मी पाकिटावर निळ्या शाईनं लिहिलं, 'सकाळी ९, रात्री ९', आणि खाली दोन रेघा ओढल्या. वर आप्पांना बजावलं, बारा तासांचं अंतर म्हणजे बारा तासांचं. मागंपुढं केलं तर जंतू मरत नाही, उलट शिरजोर होतो. आप्पा मान डोलावत होते, आई शेजारी पिशवी धरून उभी होती. मग मी म्हटलं, "आणि या गोळ्या चालू असताना दारू अजिबात चालत नाही, आप्पा. उलट्या होतात, जीव घाबरा होतो."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. बरं, म्हणाले आणि पाकीट खिशात घातलं. आई फरशीकडं बघत होती.

आप्पा दिवसभर मळ्यात असत. तेव्हा शेतीच्या विजेची पाळीही रात्रीची होती, त्यामुळं संध्याकाळी लवकर जेवून ते पुन्हा मोटर चालू करायला जात. म्हणून गोळ्या त्यांनी मळ्यातल्या खोपटातच ठेवल्या. चातुर्मास चालू होता. चातुर्मासात आमच्याकडं दिवस बुडायच्या आत जेवणं उरकतात, पण तेवढंच. रात्री पाणी प्यायलं, दूध घेतलं, औषध घेतलं तर कुणी काही म्हणत नसे. औषधाला दोष नाही, असं आईच म्हणायची.

त्या दिवसांत आप्पा बदलले. मळ्यातून येऊन आईच्या हातचं पेलाभर दूध प्यायचे, ते बंद झालं. पोट जळतंय, म्हणायचे. रात्री कुणी आलं आणि चहा झाला तर आप्पा उठून गोठ्यात जायचे. आईशी चार शब्द बोलत बसायचे, तेही नाही. आले की भिंतीकडं तोंड करून आडवे. आई दुधाचा पेला झाकून ठेवायची आणि सकाळी तो तसाच उचलायची.

एके दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता तिनं मला विचारलं, "माणूस लांब लांब का बसतो गं?" मी म्हटलं, थकत असतील. तिनं खडे बाजूला काढले. थोरले भावजीही असेच लांब बसायचे, म्हणाली, वास येऊ नये म्हणून.

मला तिची कीव आली आणि रागही आला. खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली, कारण आप्पांच्या वागण्याला माझ्याकडंही दुसरं उत्तर नव्हतं.

पंधराव्या दिवशी आप्पा साखर कारखान्याकडं गेले होते. आई म्हणाली, चल, मळ्याकडं जाऊन येऊ. कशाला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दहा वाजले असतील. खोपटाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आईनं बाजेवरची वाकळ झटकली, खताच्या पोत्यामागं हात घातला, पाण्याच्या घागरीचं झाकण काढून आत वाकून वास घेतला. मी दारात उभी राहून कुणी येतंय का बघत होते. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, तरी मी तिला थांबवलं नाही.

छपराच्या वाशाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा टांगलेला होता. आईनं तो खाली घेतला आणि उघडला. आत चौदा पट्ट्या, एकावर एक नीट रचून ठेवलेल्या. प्रत्येक पट्टी अर्धी रिकामी आणि अर्धी भरलेली. चौदाही रात्रींच्या तिन्ही गोळ्या जशाच्या तशा होत्या.

मला काही उमगेना. आईला मात्र लगेच उमगलं.

"तूच सांगितलंतीस न्हवं, ह्या गोळ्यांवर दारू चालत न्हाई म्हणून?" ती बाजेच्या कडेवर बसली. "मग काय केलं त्यांनी? गोळ्याच सोडल्या."

दुपारी आप्पा जेवायला आले तेव्हा तिनं ताटाशेजारी त्या पट्ट्या मांडल्या. या का राहिल्या, म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, राहिल्या. ती पुन्हा म्हणाली, का? आप्पांनी घास संपवला.

"त्येला कारण हाय," ते म्हणाले. "पर सांगायचं न्हाई."

आई म्हणाली, मग ती शुक्रवारी नांदणीला माहेरी जाईल आणि दशलक्षण पर्वही तिकडंच करेल. लग्न झाल्यापासून पर्वाचे दहा दिवस ती कधी घर सोडून राहिली नव्हती. आप्पांना ते ठाऊक होतं. तरी जा म्हणाले नाहीत की राहा म्हणाले नाहीत, पितळी विसळून उठले. मी दोघांच्या मध्ये बसले होते. आई परत येणार नाही असं नव्हे, परत येईल, पण अण्णाकाकांच्या बायकोसारखी खचून येईल, एवढं मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पट्ट्या पर्समध्ये घालून दवाखान्यात गेले. सगळे पेशंट संपल्यावर डॉक्टर मुजावरांच्या टेबलावर त्या ठेवल्या आणि घरची हकीकत सांगितली. म्हटलं, आईला एकदा बोलावून सांगाल का, की लिव्हरची चरबी जंतूमुळंच झालीय? तुमचं ती ऐकेल.

डॉक्टरांनी चष्मा काढला. सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, म्हणाले. पण पोटातला जंतू आणि लिव्हरची चरबी एकाच माणसात सापडणं वेगळं आणि एकामुळं दुसरं होणं वेगळं. त्यांनाच ते ठाऊक नव्हतं, तर आईला काय सांगणार? "दारूनं होतं, दारूशिवायही होतं. सोनोग्राफीत दोन्ही सारखंच दिसतं, त्रिशला. फोटो बघून कुणाच्या चारित्र्याचा दाखला देता येत नाही मला."

मग त्यांनी पट्ट्या हातात घेऊन एकेक उलटी करून बघितली. गोळ्या चुकवणारे पेशंट त्यांनी हजारानं बघितले होते. कुणी तिसऱ्या दिवशी सोडतो, कुणी मधेच विसरतो, कुणी बरं वाटलं की बंद करतो. इथं एकही सकाळ चुकलेली नव्हती आणि एकही रात्र साधलेली नव्हती. विसरणारा माणूस असा विसरत नाही, म्हणाले. मग त्यांनी कॅलेंडरकडं बघितलं.

"तुमचे आप्पा रात्री पाणी पितात का?"

दूध नाही. चहा नाही. रात्री पाणी पिताना मी त्यांना शेवटचं कधी पाहिलं होतं, मला आठवेना. चातुर्मासात आमच्यातले कुणी कुणी नियम घेतात, दिवस बुडाल्यावर पाणीही पीत नाहीत.

डॉक्टर हसले, पण स्वतःवरच. रमजानच्या महिन्यात रोजे धरणाऱ्या प्रत्येकाला ते विचारून विचारून गोळ्यांच्या वेळा बदलून देत, पहाटे सहेरीला आणि संध्याकाळी इफ्तारला. मला सगळं पाठ होतं, मीच पाकिटांवर तसं लिहायची. आणि चातुर्मासात जैनाच्या हातावर रात्री नऊच्या गोळ्या ठेवताना ना त्यांनी विचारलं, ना मी. ते म्हणाले, परधर्माचा म्हणून त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि घरची म्हणून माझ्या.

मी निघाले तेव्हा त्यांनी मला दारातून परत बोलावलं. "दारूबद्दलचं ते तू आप्पांना सांगितलंस. आपल्याकडं येणाऱ्या सगळ्यांना सांगतेस?"

पाकिटावर छापलेलंच असतं, म्हटलं, सांगावं लागतं.

"तसं नव्हे. तुमच्या बस्तीतल्या लोकांना सांगतेस?"

बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. आमच्या बस्तीतल्या एकाही माणसाला मी ते कधी सांगितलं नव्हतं. सांगणं म्हणजे त्यांचा अपमान, म्हणून गाळायची. ते मी सांगितलं फक्त माझ्या बापाला, आणि सांगताना त्यांच्या तोंडाकडं बघत होते. डॉक्टरांनी पॅड पुढं ओढलं. नव्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली, कारण जंतू अर्धवट मारला की जुन्या गोळ्यांना दाद देत नाही. वेळ लिहिली सकाळी सहा, संध्याकाळी सहा. बारा तासांचं अंतर तेवढंच राहत होतं. ते मला आधी सुचू नये याचं मला अजून नवल वाटतं.

एसटीतून मी गावात न उतरता मळ्याच्या थांब्यावर उतरले. दिवस नुकताच बुडाला होता. आप्पा मोटरीजवळच्या पाइपावर बसले होते, शेजारी बॅटरी. मी माझी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी मान हलवली.

"आप्पा, नियम घेतलाय?"

त्यांनी उसाकडं बघितलं. कुणी सांगितलं, म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांनी ओळखलं. "त्यो वळखणारच," आप्पा म्हणाले. "रोजं धरणारा माणूस हाय."

मग ते बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं. ज्या सकाळी आईनं सदरा हुंगला त्या सकाळी ते गोठ्यात होते आणि त्यांनी ते बघितलं. तसेच बस्तीत गेले आणि देवापुढं हात जोडले. चातुर्मास सरेपर्यंत दिवस बुडाल्यावर तोंडात काही घ्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही.

"रात्री पितो म्हणती न्हवं? मग पाणीबी न्हाई."

नंतर माझ्या गोळ्या आल्या, आणि मी नऊखाली दोन रेघा ओढल्या. नियम मोडता येईना, आणि माझी वेळही मोडता येईना. म्हणून गोळ्या राहिल्या. संध्याकाळी सहालाच का नाही घेतल्या, मी विचारलं. तर म्हणाले, तूच म्हणालीस, मागंपुढं केलं तर जंतू मरत नाही, मग उगाच कशाला खायच्या?

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, अहो, मग आईला सांगायचं की.

"थोरल्यानं शपथा घेतल्या हुत्या," आप्पा म्हणाले. "तुझ्या आईच्या पुढ्यात, देवाच्या पायावर हात ठिवून. खोट्या. आता आमच्या घरात शपथंला काय किंमत न्हाई. सांगून पटवलं तर त्ये पटणं न्हवं. तिचं तिला कळाय पायजे." आणि मग, बॅटरी उचलताना, "तिला सांगू नगंस."

बरं, म्हटलं, आणि घरी पोहोचेपर्यंत ते पाळलं. आई माहेरी न्यायच्या लुगड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिनं फक्त एक विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, तू सदरा हुंगलास त्या दिवसापासून, ते गोठ्यात होते. आई खाली बसली. अण्णाकाकांचं प्रेत उचललं तेव्हाही तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती लुगड्यात तोंड घालून रडली. मला तिच्याजवळ बसायचं होतं, पण माझं धाडस झालं नाही.

शुक्रवारी ती नांदणीला गेली नाही. सकाळी सहाच्या गोळ्या तिनं आप्पांपुढं ठेवल्या, आणि संध्याकाळी तीन गोळ्या, तांब्याभर गाळलेलं पाणी आणि फडक्यात बांधलेलं जेवण घेऊन मळ्याची वाट धरली. येऊन-जाऊन तीन किलोमीटर. चौदा दिवस तिनं ही फेरी चुकवली नाही. आप्पांनी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. मी नियमाचं गुपित फोडलं हे आप्पांना पहिल्याच संध्याकाळी कळलं असणार. पण माझ्यावर ते रागावले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी झाली, जंतू गेलेला होता. उन्हाळ्यात सोनोग्राफी केली, चरबीही पुष्कळ उतरली होती. डॉक्टर म्हणाले, जंतू गेल्यामुळं असेल, रात्रीचं खाणंपिणं सुटल्यामुळं असेल, सात किलो वजन उतरल्यामुळं असेल, कुणी ठाम सांगू शकणार नाही. तोवर आमच्या घरात ते कुणाला जाणून घ्यायचंही नव्हतं. कारण खरा निकाल त्याआधीच लागला होता, क्षमावणीच्या सकाळी.

दशलक्षण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. बस्तीत, रस्त्यावर, घरात. थोरांनी लहानांची, लहानांनी थोरांची. हात जोडायचे आणि उत्तम क्षमा म्हणायचं. वर्षानुवर्षं म्हणून म्हणून ते इतकं गुळगुळीत झालेलं असतं, की म्हणताना माणूस दुसऱ्याच कुणाकडं बघत असतो. आमच्या घरी आप्पा पाटावर बसत, आई पुढं येई, दोघं हात जोडून पुटपुटत, मग माझी पाळी. दोन मिनिटांचं काम.

त्या वर्षी आई आप्पांपुढं बसली आणि तिनं ते ठरलेले शब्द म्हटलेच नाहीत.

"तुमचा सदरा हुंगला मी," ती म्हणाली. "तुमच्या खोपटात बाटली शोधली. घागरीत नाक घातलं. सत्तावीस वर्षं तुमच्या घरात ऱ्हाऊन तुमाला थोरल्या भावजींच्या पंगतीला बशीवलं. क्षमा करा."

मला वाटलं आप्पा आता क्षमा केली म्हणतील आणि उठतील. त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत.

"नियम मी देवासाठी घेतला न्हवता," ते म्हणाले. "तुला खोटं पाडायला घेतला. रातभर घसा सुकायचा, तवा मनात म्हणायचो, एक दिस हिला कळंल आन् ही रडंल. त्यात धरम न्हवता, निस्ता राग हुता. तूबी क्षमा कर."

आईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि आप्पांनी तिला दोन्ही हातांनी उठवलं. माझ्या देखत त्यांनी तिला हात लावलेला मी तेवढाच पाहिला. आप्पांना जाऊन आता चार वर्षं झाली, पण ते आठवले की पहिल्यांदा तसेच आठवतात, तिला उठवताना.

मग माझी पाळी आली. मी पुढं बसले, हात जोडले. काय सांगायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या रात्रीपासून मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, की आप्पा, दारूचं ते मी कुणालाच सांगत नाही, फक्त तुम्हाला सांगितलं, तुमचं तोंड बघायला. आप्पा माझ्याकडं बघत होते, आणि इतक्या दिवसांनी ते पोटभर हसत होते.

"उत्तम क्षमा, आप्पा," मी म्हटलं.

"तुझं काय चुकलंय, बाळ?" ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो हात तसाच राहू दिला.